'बसूया का?' पण बसायचं कुठं?

दारूचं आमंत्रण देताना मराठी माणूस दारूचं नाव घेत नाही. 'आज बसायचं काय?' एवढंच विचारतो. समोरच्याला बरोबर समजतं. बेळगाव, कोल्हापूर, पणजी, इंदूर, राज्य बदललं तरी हा शब्द बदलत नाही. आणि शब्द नीट बघितला तर त्यात ग्लास नंतर येतो. आधी येते खुर्ची, मग टेबल, मग समोर बसलेला माणूस.

शहरातल्या नोकरदार वर्गात 'बार अँड बिस्त्रो' हा प्रकार एवढा का चाललाय, हे समजून घ्यायचं तर याच शब्दापासून सुरुवात करावी लागेल. दारू तर वाइन शॉपमध्ये याहून कितीतरी स्वस्त मिळते. तरीही माणसं चारशे-पाचशे रुपये जास्त मोजून तिथं जातात, कारण तिथं बाटली विकत मिळत नाही, बसायला मिळतं. ही बसायची जागा कुणाला, किती पैशात आणि रात्री किती वाजेपर्यंत मिळणार, हे मात्र मालक ठरवत नाही, गिऱ्हाईकही ठरवत नाही. ते ठरवतं त्या त्या राज्याचं अबकारी धोरण. म्हणून वरवर चैनीचा वाटणारा हा विषय राजकारणाचा आणि पैशाचा आहे. सीमेवर राहणाऱ्यांना तर तो लगेच दिसतो, कारण तासाभराच्या प्रवासात आपण तीन राज्यांचे तीन कायदे ओलांडतो.

मुळात फ्रान्समध्ये बिस्त्रो म्हणजे गल्लीतली छोटी खाणावळ. चार पदार्थ, घरच्या चवीचे. वाइनचा ग्लास. मालक काउंटरमागं उभा आणि येणारा जाणारा त्याच्या ओळखीचा. आपल्याकडं शब्द आला तो मात्र झगमगाट घेऊन आला. पुण्यात कोरेगाव पार्क आणि बाणेर, बेंगळुरूत इंदिरानगर आणि कोरमंगला, हैदराबादेत ज्युबिली हिल्स, गोव्यात आसगाव. जिथं पगार जास्त तिथं हा बोर्ड जास्त. तरी आतला मूळ गुण थोडाफार टिकलाय. वीस-पंचवीस खुर्च्या, बेताचा उजेड, बोललेलं ऐकू येईल एवढंच संगीत, आणि आठवड्यात दोनदा गेलात तर वेटर नावानं हाक मारतो.

नावानं हाक मारतो, ही गोष्ट छोटी नाही. आपल्या भागातून बेंगळुरू-पुण्याला नोकरीला गेलेली मुलं कुठं राहतात ते आठवा. पीजीत एका खोलीत दोघं-तिघं, नाहीतर तीन मित्रांत एक फ्लॅट. करारातच लिहिलेलं असतं, पाहुणे चालणार नाहीत. सोसायटीच्या गेटवर वॉचमन वहीत सही घेतो. ऑफिसमध्ये दिवसभर शेजारी बसणारा माणूस हा सहकारी असतो, मित्र असेलच असं नाही. वर्क फ्रॉम होम असेल तर ऑफिस आणि झोपायची खोली एकच. अशा माणसाला संध्याकाळी आठ वाजता कुठंतरी जाऊन बसायचं असतं. घरी नको, ऑफिसात नको. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात अशा ठिकाणांना 'तिसरी जागा' म्हटलं होतं. घर ही पहिली, काम ही दुसरी, आणि तिसरी म्हणजे जिथं कुणी आपलं पद विचारत नाही आणि निघायची घाई करत नाही.

आपल्याला ही कल्पना परकी अजिबात नाही. गावात पार होता, पेठेत कट्टा होता. गोव्यात घरासमोरचं बाल्कांव आणि बाजारातला तिंटो. मुंबई-हैदराबादला इराण्याचं हॉटेल, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली-रूपाली. एका कॉफीवर दोन तास काढलेले लोक आज निवृत्त होऊन त्याच गप्पा सांगतात. फरक एवढाच की त्यातलं बरंच फुकट होतं किंवा जवळपास फुकट होतं. आणि दुसरा फरक, ज्याची चर्चा कमी होते: त्यातलं बहुतेक पुरुषांचं होतं. पारावर बाई बसत नव्हती.

इथंच बिस्त्रोचं खरं आकर्षण आहे, असं मला वाटतं. जुना परमिट रूम आठवा. काळ्या काचा, दारावर पडदा, आत ट्यूबलाइट किंवा लाल दिवा, एका कोपऱ्यात 'फॅमिली रूम' अशी पाटी. म्हणजे बाई आली तर ती कुणाच्या तरी फॅमिलीतली म्हणून, आणि वेगळ्या खोलीत. एकटी किंवा मैत्रिणीबरोबर आली तर नजरा. बिस्त्रोला समोर पारदर्शक काच असते, जेवणाचा मेन्यू दारूच्या मेन्यूइतकाच मोठा असतो, आणि कोण काय पितंय हे शेजारच्या टेबलाला कळत नाही, कळलं तरी फरक पडत नाही. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आलेली डॉक्टर किंवा बँकेतली अधिकारी तिथं लिंबू सोडा घेऊन बसू शकते. दारू न पिणाऱ्याला चालणारा बार, ही आपल्याकडं नवी गोष्ट आहे.

पण ही मोकळीक किती पातळ आहे तेही विसरून चालणार नाही. २४ जानेवारी २००९ ला मंगळुरूच्या एका पबमध्ये घुसून तरुणींना मारहाण झाली, कॅमेऱ्यासमोर झाली, देशभर ती दृश्यं दाखवली गेली. २०१८ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. ज्या राज्यात हे घडलं त्याच राज्यात बेळगाव आहे. आज टिळकवाडी किंवा कॅम्पात एखादी मुलगी निर्धास्तपणे काचेजवळच्या टेबलावर बसते तेव्हा तिच्या मागं कायदा भक्कम उभा आहे, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता कायद्याकडं येऊ.

महाराष्ट्रात दारूचा मूळ कायदाच दारूबंदीचा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता नाव महाराष्ट्राचं. पिण्यासाठी आजही कागदोपत्री परवाना लागतो. पाच रुपयांचा एक दिवसाचा, नाहीतर वर्षाचा, नाहीतर आजन्म. गंमत म्हणजे 'आरोग्य टिकवण्यासाठी' अशी भाषा त्या परवान्यात आहे. परमिट रूम हे नाव तिथूनच आलं. बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५. हा कायदा पाळणारे किती, हा प्रश्न न विचारलेला बरा. पण याच दारूबंदी कायद्याच्या राज्यात जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट केलं, आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा हिशोब मांडला. १८० मिलीची विदेशी मद्याची किमान किंमत २०५ रुपयांवर गेली. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट आधीच ५ वरून १० टक्के झाला होता, परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढलं. या तिन्ही गोष्टींविरोधात १४ जुलै २०२५ ला हॉटेल व्यावसायिकांच्या 'आहार' संघटनेच्या हाकेवर राज्यभरातले बार आणि परमिट रूम बंद राहिले.

या बंदची बातमी बहुतेकांनी 'तळीरामांचे हाल' अशी चेष्टेने दिली. चेष्टा करायला हरकत नाही, पण त्यात एक हिशोब दडलेला आहे तो कुणी मांडला नाही. बारचं वार्षिक परवाना शुल्क शहराच्या लोकसंख्येनुसार ठरतं, खुर्च्यांनुसार नाही. म्हणजे तीनशे माणसांच्या, डीजे लावणाऱ्या पबला आणि वीस खुर्च्यांच्या गल्लीतल्या बिस्त्रोला त्याच शहरात साधारण एकच फी. मोठा पब ती एका शनिवार-रविवारच्या धंद्यातून भरून काढेल. छोट्याला वर्षातले कित्येक महिने त्यासाठीच काम करावं लागतं. त्यात भर म्हणजे दारू जीएसटीच्या बाहेर आणि जेवण जीएसटीत, म्हणजे एकाच टेबलाची दोन बिलं, दोन हिशोब. रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी, पण व्यापारी जागेच्या भाड्यावर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट मिळत नाही. शेवटी छोट्या मालकापुढं दोनच वाटा उरतात: दर वाढवायचे किंवा आवाज वाढवायचा. दर वाढवले की ते 'नेबरहूड' राहत नाही, आसपासच्या नेहमीच्या माणसाला परवडेनासं होतं. आवाज वाढवला की शेजारी पोलिसांत जातात.

सीमेपलीकडं कर्नाटकात दुखणं वेगळं आहे. इथं दुकानाचा सीएल-२ आणि बारचा सीएल-९ हे परवाने १९९२ पासून नव्याने दिलेच गेले नाहीत. आहेत तेच फिरतात. मोठ्या शहरात एका परवान्याचा सौदा कोटींत होतो, हे धंद्यातला कुणीही सांगेल. त्यामुळं एखाद्या तरुण शेफला, समजा हॉटेल मॅनेजमेंट शिकून बेळगावला परत आलेल्या मुलीला, छोटं बिस्त्रो काढायचं असेल तर स्वयंपाकघर, जागा, माणसं हा खर्च दुय्यम ठरतो. आधी परवाना कुणाकडून तरी भाड्याने घ्या, नाहीतर लॉजिंगच्या खोल्या बांधून सीएल-७ च्या वाटेला लागा. खोल्या नको असल्या तरी खोल्या बांधायच्या! २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात शिल्लक परवाने ई-लिलावाने देण्याची घोषणा झाली. सरकारला पैसे मिळतील, व्यवहार उघड होईल, हे ठीक. पण लिलाव म्हटलं की जास्त पैसेवाला जिंकणार. वीस खुर्च्यांचा माणूस तिथं बोली लावायला जाणारच नाही.

त्याच राज्याच्या कराचा कल बघा. २०२४ मध्ये महागड्या ब्रँडवरचं शुल्क कमी केलं, कारण दिलं शेजारच्या राज्यांशी दर जुळवण्याचं. आणि २०२५ मध्ये वाढवलं ते खालच्या, स्वस्त श्रेणीतल्या दारूवर. म्हणजे बिस्त्रोतल्या गिऱ्हाईकाला दिलासा आणि शेतमजुराला वाढीव दर. स्वस्त दारू महाग केल्याने पिणं कमी होतं असा युक्तिवाद करता येतो, तो पूर्ण चुकीचाही नाही. पण मग तोच युक्तिवाद वरच्या श्रेणीला का लागू होत नाही?

हा भेद मध्य प्रदेशात सगळ्यात उघडा दिसतो. तिथं दारू दुकानाला लागून 'अहाता' असायचा. चार बाकडी, पाण्याचा जग, शेंगदाणे-चिवडा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारने सगळे अहाते बंद केले. रस्त्यावरचा गोंधळ, बायकांना होणारा त्रास ही कारणं खरी होती. इंदूरच्या राजवाडा-सराफा भागातल्या कुणालाही विचारा, अहात्याबद्दल हळहळणारं माणूस घरात क्वचितच सापडेल. पण दुकानं बंद झाली नाहीत, बाटली मिळतच राहिली, बार आणि हॉटेलंही चालू राहिली. गेलं ते फक्त गरिबाचं बाकडं. तो आता बाटली घेऊन नाल्याकाठी, मैदानात, बंद शटरच्या पायरीवर बसतो. बसण्याचा हक्क ज्याच्या खिशात दीड हजार रुपये आहेत त्याच्याकडं उरला.

त्याच इंदुरात २०२२ मध्ये बीआरटीएस रस्त्यालगतची दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली होती. आयटी कंपन्या याव्यात, रात्रपाळीच्या मुलांना जेवण मिळावं हा हेतू. दोन वर्षांत नशेत धिंगाणा, हाणामाऱ्यांच्या तक्रारी आल्या आणि २०२४ मध्ये परवानगी मागे घेतली. म्हणजे सरकारने माणसाला रात्री बसायला जागा द्यायची ठरवलं खरं, पण ती जागा कशी असावी, किती मोठी, कुणाच्या देखरेखीखाली, यावर विचार केला नाही. सराफ्यात मात्र रात्री बारानंतरही भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला कुटुंबं येतात, आणि तिथं दारूचा थेंब नसतो. इंदूरकर याचा अभिमान बाळगतात, रास्त आहे. पण तिथंही तुम्ही उभ्यानेच खाता. बसायला जागा नाहीच.

हैदराबादचा उल्लेख एका शब्दासाठी. 'परमिट रूम' तिथंही आहे. पण महाराष्ट्रात त्याचा अर्थ जेवणखाण असलेला बार, तर तेलंगणात दारू दुकानाला चिकटलेली, ग्लास रिकामा करून निघायची खोली. एकच शब्द, दोन वर्ग.

आणि बडोदा. १९६० मध्ये राज्य जन्मलं तेव्हापासून दारूबंदी. तिथला नोकरदार मराठी माणूस कॅफेत बसतो, खाऊगल्लीत बसतो, सुट्टीला दमणला जातो. दारूशिवाय शहराची संध्याकाळ रंगू शकते हे बडोद्याने दाखवलंय, यात वाद नाही. पण २२ डिसेंबर २०२३ ला गुजरात सरकारने गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत 'वाइन अँड डाइन'ला परवानगी दिली. तिथं काम करणाऱ्यांना परवाना, त्यांच्या अधिकृत पाहुण्यांना तात्पुरती मुभा. कारण काय दिलं? जागतिक कंपन्या आणि त्यांचे लोक यावेत म्हणून. म्हणजे गांधीजींच्या राज्याने लेखी मान्य केलं की जास्त पगाराच्या माणसाला ऑफिसनंतर ग्लास घेऊन बसायला जागा लागते. जास्त पगाराच्या. कमी पगाराच्या माणसासाठी कायदा होता तिथंच आहे.

मग छोटी, स्वस्त, ओळखीची बसायची जागा कुठंच उरली नाही का? उरली आहे, आणि ती आपल्यापासून चोर्ला घाट उतरला की लागते. गोव्यातलं तावेर्न. घराचीच पुढची खोली, दोन-तीन लाकडी टेबलं, भिंतीवर सांताचा फोटो किंवा गणपती, मालकीण आतून मासळी तळून आणते. फेब्रुवारी ते मे हंगामात ताजा हुर्राक, त्यात लिंबू, हिरवी मिरची आणि सोडा. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडाच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन, हलकं. पुन्हा गाळलं की फेणी. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने तिला वारशाचा दर्जा दिला. तावेर्नात गवंडी बसतो, सरकारी कारकून बसतो, वकील बसतो. पणजीच्या जुन्या वस्तीत जोसेफ बारसारखं टीचभर ठिकाण आहे, जिथं आत मावत नाहीत म्हणून माणसं ग्लास घेऊन गल्लीत उभी राहतात, आणि बेंगळुरूहून आलेला इंजिनिअर आणि शेजारचा पेन्शनर एकाच पायरीवर टेकतात.

हे का टिकलं? गोंयकार स्वभावाने निवांत म्हणून, असं पर्यटनाच्या जाहिराती सांगतात. खरी कारणं साधी आहेत. परवाना मिळणं सोपं, कर कमी, आणि जागा स्वतःची. भाडं नाही म्हणून गिऱ्हाईकाला उठवायची घाई नाही. या तिन्हीतलं एक जरी गेलं की तावेर्न जातं, आणि ते आता होतंय. आसगावात, फोंताइन्हासात जुनी घरं दिल्ली-मुंबईच्या पैशाने विकत किंवा भाड्याने घेतली जातात. त्यात उत्तम बिस्त्रो निघतात, जेवण खरोखर चांगलं असतं, फेणीला कॉकटेलमध्ये मान मिळतो. पण गावचा माणूस तिथं गिऱ्हाईक म्हणून जात नाही, पार्किंगला राखणदार म्हणून जातो. ४०० रुपयांची फेणी त्याने का प्यावी? घरात काढलेली त्याच्या फडताळात आहे. तावेर्न चालवणाऱ्यांची पुढची पिढी तर बोटीवर, पोर्तुगालला, नाहीतर लंडनला.

गोव्याचं दुसरं टोकही आहे आणि ते झाकून चालणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्यातल्या एका नाइटक्लबला आग लागली, २५ माणसं गेली, त्यातले बहुतेक तिथले कामगार. त्याआधी मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ जण. बाहेर पडायचे रस्ते अरुंद, ज्वलनशील सजावट, परवान्यांत गोलमाल, हेच मुद्दे दर वेळी पुढं येतात. मोठं, गजबजलेलं ठिकाण चालवायचं म्हटलं की ही जोखीम वाढते. आणि आपलं धोरण माणसांना नेमकं त्याच ठिकाणांकडं ढकलतं.

गाडीचंही तेच. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरना चिरडलं. चालवणारा अल्पवयीन होता, मुंढव्याच्या बारमध्ये बसून निघाला होता. नंतर धाडी पडल्या, परवाने निलंबित झाले, काही महिन्यांनी सगळं शांत झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कायदा कडक आहे. पण शहराच्या टोकाला, हायवेलगत, फक्त गाडीनेच पोचता येईल अशी ठिकाणं ठेवायची आणि मग परतीच्या रस्त्यावर नळी फुंकायला लावायची, याला धोरण म्हणायचं? चालत जाऊन चालत येता येईल असं छोटं ठिकाण या बाबतीत केव्हाही बरं. नोकरदारांना ते आवडण्याचं हेही एक कारण आहे, कुणी तसं बोलून दाखवत नसलं तरी.

शेजाऱ्यांची बाजू मात्र ऐकायलाच हवी, आणि ती निव्वळ सोवळेपणाची नाही. इंदिरानगरचे रहिवासी आवाजाविरुद्ध कोर्टापर्यंत गेले. बाणेर-कल्याणीनगरला मोर्चे निघाले. रात्री दहानंतर स्पीकर, फुटपाथवर दुचाक्या, दारात उलट्या. परीक्षेच्या दिवसांत ज्याचं मूल दहावीला आहे त्याला 'तिसरी जागा' वगैरे सांगून बघा. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत अजित पवारांनी जाहीर केलं की सोसायटीच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा दारू दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत लागेल. योग्यच आहे. आणि ज्या गावांत बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली त्यांना कुणी बिस्त्रोची महती सांगू नये. दारूने घर बसलेलं त्यांनी पाहिलंय. त्यांच्या भाषेत 'बसणं' याचा अर्थ वेगळा आहे.

पण नीट पाहिलं तर शेजाऱ्याची तक्रार आवाजाची, गर्दीची, पार्किंगची असते, आणि या तिन्ही गोष्टी आकाराबरोबर वाढतात. म्हणून परवाना आकाराला बांधा, हा उपाय इतका सरळ आहे की तो कुणी का करत नाही याचंच आश्चर्य वाटतं. पंचवीस खुर्च्यांपर्यंत कमी फी, स्पीकर नाही, अकराला बंद, जेवण सक्तीचं. खुर्च्या वाढल्या की फी चढत्या दराने. विशेष म्हणजे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट मध्य प्रदेशानेच केलीय, अहाते बंद करणाऱ्या मध्य प्रदेशाने. १ एप्रिल २०२५ पासूनच्या धोरणात फक्त बिअर, वाइन आणि १० टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली तयार पेयं विकणाऱ्या वेगळ्या बारची तरतूद आली. महाराष्ट्रातही बिअर-वाइनचा स्वतंत्र परवाना जुना आहे. म्हणजे पायवाट आहे, रस्ता करायचा राहिलाय.

बेळगावपुरतं बोलायचं तर आपल्याकडचा नोकरदार आज तीन ठिकाणी बसतो. एक, जांबोटी रस्त्यावरच्या एखाद्या फार्महाऊसवर किंवा धाब्यावर, गाडीने जाऊन गाडीनेच परत. दोन, शनिवारी चोर्ल्यातून थेट गोव्यात, आणि येताना डिकीतल्या बाटल्यांची कणकुंबीच्या नाक्यावर धाकधूक. तीन, शहरातल्या नव्या कॅफे-बिस्त्रोत, जिथं बऱ्याचदा दारूचा परवानाच नसतो आणि तरीही टेबल रिकामं मिळत नाही. या तिसऱ्या ठिकाणची गर्दी सरकारने नीट बघावी. कोल्ड कॉफी आणि पास्त्यावर दोन तास बसणारी ती मुलं-मुली कशासाठी आलेली आहेत हे तिथं स्वच्छ दिसतं.

परवान्यांचे लिलाव होतील तेव्हा आपल्या शहराच्या वाट्याला आलेले परवाने कोण घेतो, किती आकड्याला घेतो आणि कुठल्या रस्त्यावर लावतो, यावर लक्ष ठेवायला हवं. महापालिकेच्या सभेत नगरसेवकांनी निदान एवढं विचारावं की नव्या बारला खुर्च्यांची मर्यादा, आवाजाची मर्यादा आणि पार्किंगची अट घालायचा अधिकार पालिकेकडं आहे का, आणि नसेल तर तो मागण्याचा ठराव कधी करणार. मराठी-कन्नड वादावर तासन्‌तास बोलणाऱ्या सभागृहात दोन्ही भाषांच्या नगरसेवकांचं एकमत होण्यासारखा हा विषय आहे, कारण बसायला जागा दोघांच्याही पोरांना नाही.